नखाखालचं हाड आणि गोव्याची भुकटी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या औषधबाजारात एक भुकटी विकली जायची. ताजी असताना फिकट पिवळी, आणि हवा लागत गेली की काळपट, जांभळट तपकिरी होणारी. चवीला कडूजहर. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कालवून ती गजकर्णावर लावायची आणि चट्टा उतरायचा. ती गोव्याकडून यायची म्हणून इंग्रज तिला ‘गोवा पावडर’ म्हणत. मुंबईतले एक औषधविक्रेते, डी. एस. केम्प, यांनी १८६४ मध्ये लंडनच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’मध्ये या भुकटीबद्दल लिहिलं आणि तिच्याकडे तिकडच्या औषधशास्त्र्यांचं लक्ष गेलं. पण ती कुठल्या झाडाची, कुठल्या देशातली, हे काही उलगडेना.

उलगडलं ते दहाएक वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच खंडातून. भारतात बरीच वर्षं काढलेले सर्जन जोसेफ फेअरर यांनी १८७४ मध्ये गोवा पावडरने गजकर्ण कसं बरं होतं यावर लेख लिहिला. तो ब्राझीलमधल्या बाहिया इथले डॉक्टर सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला आणि त्यांनी १८७५ मध्ये कळवलं की ही भुकटी आमचीच आहे. आमच्याकडे तिला अरारोबा म्हणतात आणि ती आमच्या जंगलातल्या एका मोठ्या झाडाच्या खोडात सापडते. झाड जितकं जुनं तितकी त्याच्या गाभ्यातल्या भेगांत आणि पोकळ्यांत ही पूड जास्त. लाकूडतोडे झाड पाडायचे, खोड फोडायचे आणि भेगांतली पूड खरवडून काढायचे. ती उडून डोळ्यांत, तोंडावर गेली की भयंकर आग व्हायची, म्हणून तोंडं झाकून काम करावं लागे. पोर्तुगिजांची जहाजं बाहियाच्या बंदराला लागत आणि पोर्तुगाल, ब्राझील, गोवा यांच्यात मालाची ये-जा सुरू असे. आमच्या कोकणात काजू आला तो याच पोर्तुगीज राबत्यातून. ही भुकटीही तशीच आली, गोव्यात रुळली आणि गोव्याच्या नावाने मुंबईत पोचली.

फार्मसीच्या कॉलेजात मी औषधी वनस्पती शिकवत असे. अरारोबाला अभ्यासक्रमात जेमतेम एक ओळ होती, पण मी तिच्यावर रेंगाळायचे, कारण माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं आणि गोव्याची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. गजकर्णावर टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायचं हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्या बियांत आणि अरारोबाच्या भुकटीत एकाच कुळातली रसायनं आहेत हे मुलांना सांगताना मला फार समाधान वाटायचं. त्या एका ओळीचा माझ्या पायाच्या अंगठ्याशी संबंध आहे, हे मात्र निवृत्तीच्या आसपास कळलं.

१८७६ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांच्याकडे एक रोगी आला. त्याच्या अंगावर सोरायसिसचे चट्टे होते, पण त्याची समजूत ते गजकर्ण असल्याची. म्हणून त्याने आपल्या मनाने गोवा पावडर लावली होती आणि चट्टे खरोखरच विरले होते. स्क्वायर यांनी त्या भुकटीतल्या द्रव्याचं मलम करून इतर रोग्यांवर वापरलं, त्याबद्दल लिहिलं, आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं. सोरायसिसवर खात्रीने लागू पडणारं, बाहेरून लावायचं औषध वैद्यकाच्या हाती लागलं ते असं, बुरशी आणि सोरायसिस यांच्यातल्या घोटाळ्यातून. त्याच वर्षी लीबरमान आणि झायडलर या रसायनशास्त्रज्ञांनी भुकटीतलं मुख्य द्रव्य वेगळं ओळखून त्याला क्रायसारोबिन म्हटलं. पुढे १९१६ मध्ये जर्मनीत त्याचा कृत्रिम भाऊबंद तयार झाला. तोच डिथ्रेनॉल. कपडे, कातडी आणि नखं तपकिरी करून टाकणारं, पण गुणाचं औषध.

माझ्या बाबतीतही घोटाळा तोच झाला, फळ मात्र उलट मिळालं. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख टोकाकडून पांढरं पडून सुटायला लागलं. मग ते जाड झालं, पिवळं पडलं, खाली भुसभुशीत चुरा साठत गेला आणि नख वर उचललं गेलं. दुखणं असं की रात्री अंगावरची चादर अंगठ्याला टेकली तरी जाग यायची. बूट तर सोडाच, पण कोल्हापुरात राहून अंगठ्याची कोल्हापुरी चप्पलही घालता येईना, कारण तिचा अंगठा नेमका नखाच्या मुळाशी दाबायचा. एका डॉक्टरांनी लांबूनच पाहून बुरशी म्हटलं आणि गोळ्या लिहून दिल्या. नखाचा तुकडा तपासायला पाठवला नाही. गोळ्या महिनोन् महिने घेतल्या, यकृताच्या तपासण्या केल्या, आणि नख होतं तिथेच. मग त्याच पायाचं दुसरं बोट टोकापासून मुळापर्यंत सुजून गोल झालं. सकाळी उठल्यावर पाऊल टेकवताना भिंत धरावी लागे. तेव्हा कुणीतरी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्यांनी बोट बघितलं, मग नख बघितलं, आणि मग केस बाजूला करून कानामागची कातडी आणि बेंबी बघितली. दोन्ही ठिकाणी खवल्यांचे बारीक चट्टे होते. मी त्यांना कोंडा समजत होते. हा सोरायसिसमुळे होणारा संधिवात, सोरायटिक आर्थ्रायटिस. नखाचं दुखणं त्याच्यातलंच.

त्या दिवशी मला आबा आठवले. माझे आजोबा. त्यांच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर कोरडे, चांदीसारखे खवले उठायचे. घरात त्याला इसब म्हणत आणि खोबरेल चोळत. हाताची बोटं शेवटच्या पेराशी वाकडी झाली होती, त्याला वात म्हणत आणि निर्गुडीचा शेक देत. पायाची नखं काळीपिवळी आणि जाड झाली होती, ते वयाचं म्हणत. एका माणसाची तीन दुखणी आणि त्यांना तीन वेगवेगळी नावं. तिन्ही एकत्र पाहिलेला माणूस आमच्या घरी एकच यायचा आणि तो वैद्य नव्हता.

आमच्या गावात न्हावी घरोघर येत. त्यांना वर्षाला बलुतं मिळे, भाताच्या सुगीनंतर ठरलेलं. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही मुलं आप्पा म्हणायचो. बगलेत धोपटी, तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, वस्तरा घासायचा चामड्याचा पट्टा, पितळी वाटी आणि नऱ्हाणी. नऱ्हाणी म्हणजे बोटभर लांबीची लोखंडी पट्टी, एका टोकाला रुंद आणि धारदार. तिने नखं काढतात. नेलकटर घरोघर आल्यावर ती दिसेनाशी झाली.

आबांची दाढी झाली की आप्पा त्यांचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडायला सांगायचे. घाई नसायची. मागच्या पडवीत दोघांच्या पावसापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. मग आप्पा आबांचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचे, पंच्याने टिपायचे आणि अंगठ्याच्या नखावर नऱ्हाणी आडवी धरायचे. सुरुवातीलाच टोकाकडून कापायला ते कधी जात नसत. वरून, नखाच्या पाठीवरून, एकेक पापुद्रा खरवडत नख पातळ करत जायचे. कडेच्या मांसात पातं घालायचे नाहीत. खालचा चुरा टोकरायचे नाहीत. डाव्या हाताच्या अंगठ्याने ते नख मुळाशी दाबून धरत, म्हणजे खरवडताना नख हलून दुखायचं नाही. शेवटी टोक सरळ रेषेत कापायचं, कोपरे गोल करायचे नाहीत. मग कोकमाचं तेल. मी पडवीच्या उंबऱ्यावर बसून हे सगळं बघायचे आणि आज पायांच्या आजारांवरची पुस्तकं वाचताना त्यातली प्रत्येक गोष्ट मला ओळखीची वाटते. जाड झालेलं नख भिजवून मऊ करा, वरून घासून पातळ करा, कडा खोल कापू नका, सरळ कापा, खाली कोरू नका, तेलकट ठेवा. आप्पांना हे कुणी शिकवलं असेल? त्यांच्या वडिलांनी, आणि हाताखालून गेलेल्या शेकडो पायांनी.

एकदा त्यांनी विचारलं होतं, “आबांनू, दुखता काय?” आबांनी सांगितलं, “नख नाय रे, आतला हाड दुखता.” हे वाक्य माझ्या कानांत राहिलं, कारण आबा कधी दुखण्याबद्दल बोलत नसत. आणि ते खरं होतं. वैद्यकाला हे कळायला २००७ साल उजाडावं लागलं. त्याकडे येतेच.

आपल्याकडे नखांचा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या २० शस्त्रांत नखशस्त्र आहे. क्षुद्ररोगांच्या अध्यायात नखाच्या मांसात होणारं चिप्प आणि मार लागून नख रुक्ष, काळं, खरखरीत होणारं कुनख अशी दोन दुखणी वेगवेगळी सांगितली आहेत. चरकसंहितेत पंधरवड्यातून तीनदा केस, दाढी आणि नखं काढावीत असं आहे. हे सगळं निरीक्षण होतं, आणि चांगलं होतं. त्याच नखांवर धर्मशास्त्राने मात्र पापाचा शिक्का मारला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला वर्ज्य माणसांच्या यादीत खराब नखांचा माणूस आहे, आणि अकराव्या अध्यायात म्हटलं आहे की मागल्या जन्मी सोनं चोरलं की या जन्मी अशी नखं येतात. वाचलं तेव्हा मला संताप आला. आबांनी कुणाचं गुंजभर सोनं घेतलं नव्हतं. पण ते लग्नाच्या पंक्तीला बसताना पाय धोतराखाली घ्यायचे, हे मी पाहिलं आहे. आजही लोक खराब नखं लपवतात. माझ्या ओळखीची एक शिक्षिका मंदिरात जायचं टाळते, कारण तिथे चपला काढाव्या लागतात. सोरायसिस कुणाला लागत नाही, स्पर्शाने नाही आणि ताटाने नाही, हे किती वेळा सांगावं?

आप्पांच्या व्यवसायाबद्दलही सांगायला हवं. ज्याच्या मांडीवर सगळ्या गावाचे पाय यायचे त्याला गावाने कधी वर बसवलं नाही. मुलांनी तो धंदा सोडला किंवा शहरात सलून काढलं आणि सलूनमध्ये पायाला हात लावायचं बंद केलं, यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. याच समाजातल्या लोकांनी १८९० मध्ये कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत सभा घेऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवणार नाही असं ठरवलं होतं. आपल्या हत्याराने काय करायचं आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच. पण पायाच्या नखांची निगा हे काम त्या बदलात कुणाच्याच वाट्याला आलं नाही. इंग्लंडात तसं झालं नाही. तिथे राणी व्हिक्टोरियाच्या पायांची देखभाल करणाऱ्या लुईस डर्लाकर यांनी १८४५ मध्ये घट्टे, नखं आणि पाय यांच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. १९१३ मध्ये लंडनमध्ये खास पायांचं रुग्णालय निघालं आणि पायांची निगा हा पुढे शिकून करायचा, मानाचा व्यवसाय झाला. आपल्याकडे मधुमेहाच्या रुग्णांसाठी पायांचे काही दवाखाने निघाले तेवढेच. बाकीच्यांनी नख घेऊन जायचं कुठे? त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलं तर सांधा राहतो, हाडाच्या डॉक्टरांकडे गेलं तर नख राहतं, आणि ब्यूटी पार्लरमध्ये गेलं तर ते खालचा चुरा कोरून काढतात, जे अजिबात करायचं नाही.

का करायचं नाही, याचं कारणही जुनं आहे. ब्रेस्लाऊचे डॉक्टर हाइनरिख केबनर यांनी १८७२ मध्ये दाखवून दिलं की सोरायसिसच्या रोग्याच्या चांगल्या कातडीला इजा झाली की तिथेही सोरायसिस उठतो. घोडा चावलेल्या जागी, गोंदवलेल्या जागी. नखाखाली काडी किंवा पिन घालून कोरणं ही तशीच इजा. ज्या जागेला आधीच आजार धरून बसला आहे, तिला आपण रोज नवं निमित्त द्यायचं. अंगठा बुटात दररोज दाबला जाणं हेही तेच.

आता सांध्याची गोष्ट. सोरायसिस आणि सांध्यांचं दुखणं एकत्र येतं हे पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या झाँ लुई अलिबेर यांनी १८१८ मध्ये नोंदवलं होतं. पुढे फ्रान्समध्येच बाझाँ यांनी १८६० मध्ये त्याला नाव दिलं आणि १८८८ मध्ये बूर्दिलाँ यांनी त्यावर प्रबंध लिहिला. आणि तरीही पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक डॉक्टर म्हणत राहिले की हा नेहमीचाच आमवात, तो योगायोगाने सोरायसिसच्या माणसाला झाला. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, कारण कातडीचे आणि सांध्यांचे डॉक्टर तेव्हा एका खोलीत बसतच नव्हते. आमवाताच्या बहुतेक रोग्यांच्या रक्तात सापडणारा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर १९४० च्या दशकात वालर आणि रोझ यांच्यामुळे तपासता येऊ लागला, तेव्हा गोष्ट सरकली. इंग्लंडमध्ये लीड्सला व्हर्ना राइट यांनी १९५६ पासून सोरायसिस आणि सांधेदुखी दोन्ही असलेले रोगी काळजीपूर्वक तपासले. यांच्या रक्तात तो फॅक्टर बहुधा सापडत नाही, यांच्या बोटांची शेवटची पेरं धरतात, यांची नखं बिघडलेली असतात. हा वेगळा आजार होता. १९६४ मध्ये अमेरिकेच्या संधिवात संघटनेने तो वेगळा मानला, आणि १९७३ मध्ये राइट आणि मॉल यांनी त्याचे पाच प्रकार मांडले. त्यातला एक शेवटच्या पेरांचा. आबांचा तोच असावा.

लीड्सला मी कधी गेले नाही, पण या शहराबद्दल मला खास आपुलकी वाटते. त्याच लीड्समध्ये त्वचारोगतज्ज्ञ जॉन इंग्रम यांनी १९५३ मध्ये डांबराच्या पाण्याने स्नान, अतिनील किरण आणि मग डिथ्रेनॉलची पेस्ट असा क्रम घालून दिला. सोरायसिसचे रोगी कित्येक दशकं त्याच पद्धतीने बरे होत राहिले. म्हणजे बाहियाच्या झाडातून निघून गोव्याचं नाव घेऊन मुंबईमार्गे गेलेल्या भुकटीचा वारसा लीड्सच्या त्वचेच्या वॉर्डात होता, आणि त्याच शहरात, तीनच वर्षांनी, राइट सांधे तपासत होते.

आणि २००७ मध्ये पुन्हा लीड्सच. डेनिस मॅकगोनॅगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटाच्या शेवटच्या पेराचे अतिशय बारीक एमआरआय काढले आणि मृतदेहांच्या बोटांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बोट सरळ करणारा स्नायुबंध शेवटच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथून त्याचे तंतू पुढे पसरतात आणि नखाच्या मुळाला वेढून घेतात, असं दिसलं. नख कातडीवर नुसतं ठेवलेलं नसतं, त्याचं मूळ सांध्याच्या बंधांतच गुंतलेलं असतं. सोरायटिक संधिवातात सूज बहुधा नेमकी स्नायुबंध हाडाला चिकटतात त्या जागी येते. तिथे सूज आली की ती नखाच्या मुळापर्यंत पोचते, आणि नख खड्ड्यांचं, जाड, सुटं होतं. या आजारात नखं बिघडलेल्यांचं प्रमाण सुमारे ८० टक्के सांगतात, नुसत्या सोरायसिसमध्ये ते बरंच कमी असतं. मी तो निबंध छापून घेतला आणि त्यातली चित्रं भिंगातून बघत बसले. आबांनी पडवीत सांगितलेलं हाड तिथे होतं, नखाच्या मुळाला चिकटून.

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगते. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत काम करत होते. त्यांच्या गटाने कर्करोगासाठी फोलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्यं बनवली. त्यातल्या अमिनोप्टेरिनने सोरायसिसही उतरतो हे १९५१ मध्ये दिसलं, आणि त्याच घराण्यातल्या मेथोट्रेक्सेटचा सोरायटिक संधिवातावरचा काटेकोर प्रयोग १९६४ मध्ये २१ रोग्यांवर झाला. मी आज तेच औषध घेते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. औषधनिर्माणशास्त्राची जुनी शिक्षिका म्हणून हे मी भेटेल त्या प्रत्येक नव्या रोग्याला दोनदा सांगते, वार ठरवून कॅलेंडरवर लिहायला लावते, फोलिक आम्लाच्या गोळीचा वार वेगळा लिहायला लावते, आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका म्हणते. ज्यांना ते पुरत नाही त्यांच्यासाठी टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं आहेत, त्यातलं पहिलं या आजारासाठी अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झालं. नखांसाठी ती चांगली चालतात, पण महाग आहेत, आणि ती देण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते, आपल्या देशात तर नक्कीच.

आत औषध चालू असलं तरी पायाला रोजची निगा लागतेच, आणि इथे मी आप्पांचीच शिष्या आहे. रात्री जेवणं आटोपली की कोमट पाण्यात पाय, मग बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं पुसणं. आठवड्यातून दोनदा, नख भिजलेलं असताना, बारीक फाइलने नखाच्या पाठीवरून हलक्या हाताने घासायचं. डाव्या हाताच्या अंगठ्याने मूळ दाबून धरायचं, म्हणजे नख हलत नाही. मग ४० टक्के युरियाचं मलम फक्त नखावर, आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावून. जाड नख साध्या नेलकटरने तुटतं आणि फाटतं, म्हणून पकडीसारखं लांब दांड्याचं नखं कापायचं हत्यार आणलं आहे, आणि थोडं थोडं, सरळ कापते. चपला घेताना संध्याकाळी जाते, पाय सुजलेले असतात तेव्हा, आणि पुढून रुंद, बोटांवर पट्टा न येणाऱ्या घेते. कोल्हापुरीचा मोह मी सोडला. नखपॉलिश लावायला हरकत नसते, पण काढायचं द्रव नखाला कोरडं करतं. सुटलेल्या नखाखाली पाणी राहिलं तर बुरशीही सोरायसिसच्या जोडीला येऊ शकते, म्हणून नख बदललं की तुकडा तपासायला पाठवायचा हा माझा हट्ट आहे, आणि तो मी डॉक्टरांपुढेही सोडत नाही. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. औषध लागू पडलं की मुळाशी गुळगुळीत नखाची एक बारीक पट्टी दिसू लागते, आणि ती महिन्याला दीडेक मिलिमीटरच्या चालीने पुढे सरकते. पेन्सिलीने खूण करून मी ती मोजत असे.

आमच्या गल्लीतल्या सलूनमधला मुलगा माझ्याकडे अधूनमधून रक्तदाब मोजून घ्यायला येतो. त्याच्या आजोबांकडे नऱ्हाणी होती, ती त्याने घरून आणून मला दाखवली. पाय धुऊन, हत्यारं उकळून, नखं पातळ करण्याचं काम त्याला शिकायचं आहे, आणि पैसे चांगले मिळाले तर सलूनमध्ये एक वेगळी खुर्ची ठेवायची आहे. वय झालेल्यांना, मधुमेह असलेल्यांना, वाकता न येणाऱ्यांना याची फार गरज आहे. पण मधुमेहाच्या पायाला अनोळखी हाताने पातं लागलं तर जखम चिघळते, म्हणून मी त्याला एका सरकारी रुग्णालयाच्या पायांच्या विभागात शिकायला धाडलं आहे. तिथल्या परिचारिका त्याला शिकवतात.

गेल्या गणपतीत भावाची मुलगी वेंगुर्ल्याहून आली होती. आरतीच्या वेळी तिच्या हाताच्या नखांवर मला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले. तिला बाजूला नेलं, चपला काढायला लावल्या, पायाची नखं बघितली, टाळू बघितला, आणि सकाळी बोटं किती वेळ आखडतात ते विचारलं. अर्धा-पाऊण तास, ती म्हणाली. कॉम्प्युटरमुळे असेल असं तिला वाटत होतं. त्याच आठवड्यात तिला संधिवाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि आबांची, माझी, सगळी हकीकत सांगितली. औषध सुरू झालं आहे. एक्स-रेत तिच्या बोटांच्या हाडांची झीज अजून दिसत नाही, आणि पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.